बॉनेटच्या दोन बाजूंना

“डुक्कर म्हणायचं नाही,” तवनाप्पा मगदूम म्हणाले. “फियाट म्हणायचं.”

आमचा मौला डेंटर गाडीखाली उताणा पडला होता. तो तिथनंच बोलला, “आण्णा, सगळा मुलूख हिला डुक्कर फियाटच म्हणतोय की. थोबाड बघा जरा तिचं.”

“मुलूख काय म्हणतोय ते मुलखाला. आमच्या घरात हा शब्द चालत नाही. जैन माणसं आम्ही.”

“बरं, फियाट,” मौला म्हणाला. “पण ह्या फियाटचा तळ पार कुजलाय बघा. बोट घातलं की आरपार.”

जयसिंगपुरात सांगली रोडला माझं गॅरेज होतं, तेव्हाची ही गोष्ट. गॅरेज म्हणजे काय, वर पत्रा, तीन बाजूंना पत्रा आणि पुढं रस्ता. मी रंगाचा मेस्त्री. शाळा चौथीतच सुटली, तिथनं पुढं थिनरच्या वासातच वाढलो. आजसुद्धा बायको म्हणते, तुमच्या अंगाला माणसाचा वास कधी आलाच नाही.

मगदूम आण्णा म्हणजे गावातले जुने तंबाखूचे व्यापारी. वखार विकून घरी बसले होते. धोतर पांढरंशुभ्र, टोपी अशी सरळ की गवंड्यानं ओळंबा लावून बसवल्यागत. बोलणं कमी. त्यांची ती गाडी पन्नासच्या सालातली, पिस्त्याच्या रंगाची. वखारीच्या मागच्या छपरात बरीच वर्षं पडून होती. पारव्यांनी तिचा पार उकिरडा केला होता.

ती एवढ्या वर्षांनी बाहेर काढली त्याला कारण होतं. त्यांची बायको त्या वर्षी उन्हाळा लागता लागता गेली. जाताना एवढंच म्हणाली, गाडी पद्मीला द्या. आण्णांनी मान हलवली. आता जाणाऱ्या माणसापुढं हलवलेली मान, ती काय मागं घेता येतीय?

पद्मी म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. कॉलेजात असताना साळुंख्यांच्या पोराशी लग्न करून बंगळूरला गेली. मराठ्याचं घर, मटण शिजणारं. आण्णांनी भांडण केलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. फक्त त्या दिवसापासनं बोलणं बंद. ती आईच्या मातीला आली ती मामाच्या घरी उतरली. बापाच्या उंबऱ्यात पाय टाकला नाही, आणि बापानं ये म्हटलं नाही.

आण्णांनी मामाच्या हाती निरोप दिला, “गाडी देणार. पण असली पडकी द्यायची नाही. रंगवून देणार.” तिनं मामाच्याच हाती उलट निरोप दिला, “गाडी झाली की घेऊन निघते. तोवर थांबते.”

तर असा सगळा मामला माझ्या गॅरेजात आला.

मौलानं पत्रा बदलला, ठोकून सरळ केला. रंगाची वेळ आली तसं मी दोघांना बोलावणं धाडलं. आण्णा आले, सायकल भिंतीला लावून उभे राहिले. पद्माताई रिक्षातनं आल्या. चाळिशीला टेकलेली बाई, साधी सुती साडी, डोळे बापाचे. त्या गाडीच्या पलीकडं उभ्या राहिल्या. मध्ये गाडी.

रंग कुठला ह्यावर वाद नव्हताच. पिस्ताच. पण फिनिश कसलं करायचं, ते ठरवायचं होतं. मी टिनच्या तीन पट्ट्या रंगवून ठेवल्या होत्या, बाकड्यावर मांडल्या.

“ही मेटॅलिक,” मी म्हटलं. “आत चंदेरी कण असतात. असल्या जुन्या गाडीला शोभत नाही, पण दाखवायचं म्हणून दाखवतोय.”

“ह्याला किती दिवस?” आण्णांनी विचारलं.

“आठवडा धरा. आता ही बघा. ही टू-के. रंगात हार्डनर मिसळायचा, कोट मारायचे, वरनं क्लिअरचा पारदर्शक थर, आणि मोठे दिवे लावून भाजायचं. आरसा बघा नुसता. त्यात बघून दाढी करावी.”

हे मी कोल्हापूरला एका मोठ्या गॅरेजात नवीनच शिकून आलो होतो. आमच्या गावात दुसऱ्या कुणाला येत नव्हतं, त्यामुळं मी जरा छाती काढूनच सांगत होतो.

“ह्याला किती दिवस?”

“चार दिवसांत गाडी दारात, आण्णा.”

“आणि ही तिसरी?”

“ही आपली जुनी एन.सी. कंपनीतनं गाडी आली तेव्हा हिच्या अंगावर हाच रंग असणार. पातळ कोट मारायचा, वाळू द्यायचा. मग पाणी सोडत काचपेपरनं घासायचा. परत कोट, परत घासायचं. शेवटी चमक येते ती तेल दिलेल्या शिसवीगत, दबकी. दिसायला झ्याक. पण आण्णा, ह्याच्या नादाला लागू नका. महिना जाईल, जास्तच जाईल. घासून घासून बोटांची सालं निघतात. आणि एवढं करून वर पेट्रोलचा थेंब पडला की डाग.”

“हेच करा,” आण्णा म्हणाले.

“आवो, ऐका तरी. घासायला माझ्याकडं माणूस कुठाय?”

“मी घासतो की. घरी बसून काय करायचंय मला? त्यांना विचारा, त्यांना काय पाहिजे.”

त्या म्हणजे पद्माताई. गाडीभर अंतरावर उभ्या होत्या. मी मान वळवून विचारलं, “ताई, तुम्हाला काय पाहिजे?”

“आण्णा म्हणतील तसं करा,” त्या म्हणाल्या. “आणि घासायला मीपण येईन म्हणावं.”

“त्या म्हणतात, आण्णा म्हणतील तसं करा, आणि—”

“ऐकलं मी,” आण्णा म्हणाले.

“मेस्त्री, पोस्टमन झालास की रं,” मौला खालनं हसला.

दुसऱ्या दिवसापासनं ती दोघं रोज यायला लागली. जेवून दुपारी यायची, बॉनेटच्या ह्या बाजूला बाप, त्या बाजूला लेक. हातात लाकडाचा गुटका, त्याला गुंडाळलेला पाणीपेपर, शेजारी बादली. मी दोघांना हात कसा फिरवायचा ते दाखवलं. सरळ रेषेत, गोल नाही, जोर मनगटाचा लावायचा नाही, हात आपल्या वजनानं फिरला पाहिजे. पाणी सोडलं की पिस्त्याच्या रंगाचं दूध वघळायचं, दोघांच्या बाजूंनी खाली येऊन बंपरवरनं ठिबकायचं.

पहिले काही दिवस पोस्टाचंच काम होतं.

“त्यांना सांगा, वायपरच्या खाली दाणा राहिलाय.”

“ताई, वायपरच्या खाली दाणा राहिलाय म्हणतात.”

“काढते म्हणावं.”

मी तिकडं जीपच्या दरवाजाला रंग मारत असायचो, आणि फवाऱ्याची गन ठेवून ह्यांची टपालं वाटायचो. मग एक दिवस ‘त्यांना सांगा’ गळालं. आण्णा नुसतं खाली मान घालून म्हणाले, “कडेला जोर लावायचा नाही, पत्रा दिसंल.” ती म्हणाली, “हो.” मी वर बघितलं तर दोघंही आपापल्या हाताकडं बघत होती. गाडीच गाडीशी बोलल्यागत.

बोलणं सगळं रंगाचंच, बरं का. इथं खरखरीत लागतंय. तिथं पाणी कमी पडलं. पेपर झिजला, दुसरा घ्या. त्यापलीकडं एक शब्द नाही. मौला मला म्हणायचा, “सर्ज्या, असं बोलत बसले तर ही पोरगी म्हातारी व्हईल हितंच.”

एकदा काम लांबलं. मी पलीकडच्या गाड्यावरनं सगळ्यांना भजी आणि चहा मागवला. सूर्य नुकताच मावळला होता. आण्णा दिवस बुडाल्यावर तोंडात काही घालत नाहीत हे गावाला ठाऊक, त्यामुळं त्यांना विचारायचं कारणच नव्हतं. मी ताट पद्माताईंपुढं धरलं. त्यांनी हात जोडले.

“नको मेस्त्री. दिवस मावळला.”

मौलाचं भजं हातातच राहिलं. आण्णांचा गुटका थांबला. मग परत फिरायला लागला.

“अजून पाळतंय वाटतं,” ते बॉनेटला म्हणाले.

“मोडलंच नव्हतं कधी,” ती म्हणाली.

“चालतंय त्यांच्यात?”

“सासूबाई मला दिवसाउजेडी वाढतात. पहिल्या दिवसापासनं. माझी भांडी वेगळी ठेवलीत त्यांनी. मी सांगितलं नव्हतं.”

आण्णांनी पेपर बादलीत बुडवला आणि घासलेल्या जागीच परत हात फिरवला. पण त्या दिवशी जाताना त्यांची सायकल बरीच लांबपर्यंत पायीच ढकलत नेली त्यांनी, हे मला आठवतंय. मला तेव्हा वाटलं, चाक पंक्चर असेल.

आता माझंही ऐका. कामं माझ्या दारात तुंबली होती. लग्नाचा हंगाम तोंडावर, जो तो गाडी घेऊन उभा. आणि ही फियाट मधल्या जागेत ठाण मांडून. प्रत्येक कोटाला मी म्हणायचो, झालं आता, पॉलिश मारूया. प्रत्येक कोटाला आण्णा हात फिरवून म्हणायचे, “नाही मेस्त्री. डावीकडं लाट आहे. परत एक कोट.” मी हात फिरवायचो, मला लाट लागायची नाही. माझा हात म्हणजे रंगाच्या बाबतीत, बायकोचा जसा भाकरीच्या पिठात. मला लागत नाही ती लाट तंबाखूवाल्याला कशी लागतीय? मनातनं मी चिडायलो होतो.

त्यात गॅरेजच्या फोनवर एकदा बंगळूरहून फोन आला. ताईंचे मालक. माणूस सभ्य, आवाजात अजिबात तोरा नाही. “मेस्त्री, घाई करत नाही. पण पोरगं रोज विचारतंय, आई कधी येणार म्हणून. तेवढं त्याला सांगण्यापुरतं सांगा.” मी म्हटलं, होतंयच आता. फोन ठेवला आणि मला त्या पोराची कीव आली. आई नसलेलं घर मला ठाऊक होतं.

शनिवार होता. दुसऱ्या दिवशी अवस. अवसेला आमच्यात गन हातात धरत नाहीत, गॅरेज बंद. मी हत्यारं पुसून ठेवत होतो. ती दोघं बॉनेटवर शेवटचा हात फिरवत होती. आण्णा एकदम म्हणाले,

“पद्मे, पोरगं कुणासारखं दिसतंय?”

एवढ्या दिवसांत तिचं नाव त्यांच्या तोंडातनं मी पहिल्यांदा ऐकलं. तिचा हात थांबला. पण वर बघितलं नाही तिनं.

“नाक तुमच्यासारखं आहे म्हणतात.”

“कोण म्हणतंय?”

“सासूबाई.”

“त्यांनी मला कुठं बघितलंय?”

“तुमचा आणि आईचा फोटो आहे की बाहेरच्या खोलीत. येणारा जाणारा बघतोय.”

आण्णांनी बादलीतनं पाण्याची ओंजळ घेतली, बॉनेटवर सोडली. पाणी खाली येईतोवर बघत राहिले.

“त्याचा फोटो आहे का जवळ?”

“मामाकडं आहे, बॅगेत. परवा आणते.”

“आण. उद्या अवस आहे.” थोडं थांबून म्हणाले, “परवा जरा लवकर ये. ह्या कोपऱ्याचं बरंच राहिलंय अजून.”

ती दोघं गेली तसा मी त्या कोपऱ्यावर हात फिरवला. लोणी. काही राहिलं नव्हतं. आणि मला राग आला, खरंच राग आला. म्हटलं, ह्या म्हाताऱ्यानं माझ्या कामाला नाव ठेवायचं ठरवलंयच. तिकडं पोरगं आईची वाट बघतंय, आणि हे इथं नसलेली लाट शोधायलेत.

अवसेच्या दिवशी सकाळी मी गॅरेज उघडलं आणि मौलाला घरनं उठवून आणलं.

“आज अवस हाय,” तो म्हणाला.

“तुझ्यात कुठं असते अवस?”

“माझ्यात नसती, पर तुझ्यात असती. गन तू धरणार हाईस. काय वंगाळ झालं तर मला म्हनू नको.”

पण आला. मी गाडीभर एकदा बारीक पेपर मारला, पुसली, आणि वरनं टू-केचा क्लिअर चढवला. खालची एन.सी. उचलून येईल, सुरकुत्या पडतील, अशी भीती होती. पहिला कोट धुक्यागत मारून वाट बघितली. नाही उचलली. मग भरून मारला. दिवे लावले, तळपू दिलं. मौला सगळा वेळ शेजारी बसून होता. संध्याकाळी मी दिवे बंद केले तेव्हा तो उठला आणि गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, “सर्ज्या, असलं काम तू परत करणार न्हाईस.”

खरंच. जन्मात तसलं काम परत झालं नाही माझ्या हातनं.

सोमवारी आण्णा दुपारची वाट न बघता सकाळीच आले. पाठोपाठ रिक्षा. ताईंच्या हातात पाकीट होतं, छातीशी धरलेलं. मी कापड ओढलं.

काय सांगू तुम्हाला, नळाचं पाणी थिजवून गाडीवर ओतावं तशी दिसत होती ती. दोघं सवयीनं आपापल्या बाजूला जाऊन उभी राहिली. गुटका नाही, बादली नाही. आणि बॉनेटमध्ये दोघांची तोंडं दिसली, स्वच्छ, एकमेकांसमोर. पहिल्यांदा आण्णा बाजूला सरकले. मग तीपण सरकली.

“अवसेचं काम केलं मी,” मी म्हटलं. “म्हटलं, तुमचा खोळंबा नको.”

आण्णांनी तळहात बॉनेटवर टेकवला, फिरवला, उचलला. हाताचा ठसा उमटला होता, तो त्यांनी धोतराच्या सोग्यानं पुसला.

“आता घासायचं काही नाही?”

“काही नाही आण्णा. ह्याला हातच लावायला नको. सुकं कापड मारायचं फक्त.”

“हातच लावायला नको,” ते म्हणाले.

मी शाबासकीची वाट बघत उभा. ताईंनी पाकीट अर्धं उघडलं होतं. त्या आण्णांकडं बघत होत्या, आण्णा रस्त्याकडं. एक उसाची बैलगाडी चालली होती, ती वळणाआड गेली. मग आण्णा माझ्याकडं वळले.

“मेस्त्री, त्या कधी निघणार विचारा.”

टपाल परत सुरू झालं. तरी मी विचारलं. न विचारून काय करणार?

“ताई, कधी निघणार?”

त्यांनी पाकीट पर्समध्ये ठेवलं. पर्सची चेन ओढली.

“उद्या सकाळी, म्हणावं.”

“काम चांगलं झालंय,” आण्णा म्हणाले, आणि सायकल घेऊन गेले.

त्या दुसऱ्या दिवशी गाडी चालवत गेल्या. मी चौकात उभा राहून बघितली. लोक थांबून बघत होते. त्यानंतर बाप-लेकीची भेट झाली नाही. पुढच्या हिवाळ्यात आण्णा झोपेतच गेले. त्या आल्या, पोराला घेऊनच आल्या. पोराचं नाक मी बघितलं. सासूबाई बरोबर बोलत होत्या.

पण त्या मधल्या दिवसांत आण्णा एकदा गॅरेजला आले. काही काम नव्हतं त्यांचं. बाकड्यावर बसले. मी चहा सांगितला, त्यांनी घेतला, उन्हं होती अजून.

मी म्हटलं, “आण्णा, फोटो राहिलाच बघायचा. फोन करा की ताईंना. माझा फोन आहे, हा घ्या.”

“फोनवर काय बोलणार, मेस्त्री?”

“पोराचं विचारायचं.”

“फोनवर बोलावंच लागतंय.” ते आपल्या बोटांकडं बघत होते. पेपरनं गेलेली सालं अजून भरून आली नव्हती. “आणि समोर बसलं की तोंडाकडं बघावं लागतंय. इथं तसं नव्हतं. मान खाली, हाताला काम. एखादं वाक्य निघून जायचं तोंडातनं. नाही निघालं तर पाणी सोडायचं.”

माझ्या डोक्यात तेव्हा कुठं उजेड पडला, आणि पडून उपयोग काय होता त्याचा.

“तुम्ही मला सांगायचं होतं आण्णा. मी वर्षभर घासू दिली असती.”

“हे काय सांगायचं असतंय?”

ते उठले. कोपऱ्यात कुणाच्यातरी जीपचं दार टेकवून ठेवलं होतं, रंगवून तयार, संध्याकाळी न्यायला येणार होते. आण्णांनी बादली ओढली, खिळ्यावरचा पाणीपेपर काढला, गुटक्याला गुंडाळला आणि दारापुढं बसले. घासायला लागले. सरळ रेषेत, हात आपल्या वजनानं, मी शिकवला होता तसा.

मौलानं माझ्याकडं बघितलं, दाराकडं बोट केलं. मी हातानंच त्याला गप्प केलं. दाराचा रंग पांढरट झाला, मग गेला, खालचा प्रायमर दिसायला लागला. ते घासत होते. प्रायमरपण गेला. पत्रा चमकायला लागला.

उन्हं कलली तसे ते थांबले. बादलीत हात धुतले, टोपी सरळ केली.

“उद्या येऊ का, मेस्त्री?”

“या की आण्णा,” मी म्हटलं. “पुष्कळ कामं पडलीत.”